पश्चिमेकडे पाय

अकोल्याच्या आमच्या घरात फजरची नमाज एकटी अम्मी पढायची. बाकीच्यांकडे त्या नमाजेविषयी मतं होती.

फजर म्हणजे पहाटेची नमाज. पूर्वेला पहिला पांढुरका पट्टा उमटला की तिची वेळ सुरू होते आणि सूर्य वर यायच्या आत संपते. पाच नमाजांत ही सगळ्यांत छोटी, आणि माणूस पकडला जातो तो हिच्यातच. दुपारची नमाज दुकानाचं शटर अर्धं ओढून लोकांदेखत पढता येते. संध्याकाळची चौकातून घोळक्यानं जाऊन पढता येते. पहाटे बघायला कोणी नसतं. म्हणूनच बहुधा पहाटेच्या अजानीत एक ओळ जास्तीची घातलेली आहे, नमाज झोपेपेक्षा बरी, आणि ती दोनदा म्हणतात. माझ्या धाकट्या भावाच्या फोनमध्ये ही अजान आहे. फोन रोज वेळेवर अजान देतो, भाऊ हात लांब करून त्याला गप्प करतो आणि कूस बदलतो. फोन पक्का नमाजी आहे. मालकाचं सांगता येत नाही.

अम्मीला फोन लागत नसे. अजानीच्या आधी ती उठायची, अंगणातल्या नळावर थंड पाण्यानं वुजू करायची. आधी हात, मग चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. गरम पाणी देऊ केलं तर म्हणायची, "गरम पान्यानं झोप जात नाई, येते." मग पुढच्या खोलीत पश्चिमेकडे तोंड करून जानमाज अंथरायची, कारण आपल्याकडून क़िबला, म्हणजे काब्याची दिशा, पश्चिमेला. दोन रकात सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजाच्या, आणि दोन रकात फर्ज, म्हणजे सक्तीच्या. प्रत्येक रकातीत उभं राहून हात बांधायचे आणि कुराणातलं पढायचं, कमरेतून वाकायचं, तो रुकू, सरळ व्हायचं, मग दोनदा कपाळ जमिनीला टेकायचं, तो सजदा. शेवटी बसून उजवीकडे आणि डावीकडे सलाम. चहा ठेवून आलं तर उकळी फुटेपर्यंत सगळं आटोपतं. एवढ्याशा गोष्टीवर आमच्या घरातल्या पुरुषांनी किती तास बोलावं याला काही हद्द असायला हवी होती.

पायांचं आधीच सांगते, कारण पुढचं सगळं पायांवरच आहे. अम्मीनं आम्हाला अक्षरं शिकवायच्या आधी पाय कुठे करायचे ते शिकवलं. काब्याकडे पाय करून झोपायचं नाही. अंथरुणं घालताना तिची एकच अट असायची. भाऊ लहानपणी झोपेत घड्याळाच्या काट्यासारखा फिरायचा. ती त्याला गादीसकट ओढून सरळ करायची आणि म्हणायची, "पाय सांभाळ लेका, पाय."

मागच्या हिवाळ्यात ती त्याच नळाजवळ घसरली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या दिवशी भावानं स्टेटस ठेवलं, जन्नत आईच्या पायाखाली असते. खाली गुलाब. मी अमरावतीहून रजा टाकून आले. नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणती वस्तू कुठल्या फळीवर आहे हे लिहिलेलं नसेल तर मला जेवण जात नाही. घरी पोचल्या पोचल्या गोळ्यांची यादी स्वयंपाकघराच्या दारावर लावली, ड्रेसिंगचं सामान एका डब्यात भरलं, भेटायला येणाऱ्यांसाठी वेळ ठरवून तो कागद बाहेरच्या दारावर चिकटवला. तो कागद आमच्या नातेवाइकांनी वाचला, वाखाणला आणि मग वाटेल तेव्हा आत आले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सध्या उठून बसायचं नाही आणि उजव्या कुशीवर तर अजिबात वळायचं नाही. पाठीवर झोपून डोक्याखाली उशा घेतल्या तर चालेल. लोखंडी पलंग भाड्यानं आणला होता. हवेच्या गादीचा पंप लावायचा प्लग पश्चिमेच्या भिंतीत, म्हणून भावानं पलंगाचं डोकं पश्चिमेला लावलं. म्हणजे अम्मीचं तोंड पूर्वेला.

पहिल्या पहाटे मी घमेलं आणि तांब्या घेऊन गेले. पडल्या पडल्या तिचा वुजू करून दिला, पाय पुसले. ती छताकडे बघत राहिली.

"पढ ना," मी म्हटलं.

"कोनीकडे पढू? काबा तर माह्या डोक्यामांगं हाय."

"दवाखान्यात पढतच होतीस की, पलंग असेल तसा."

"तिथं मजबुरी होती, नळ्या लावल्या होत्या. इथं कोनती मजबुरी हाय? पलंगाले चाकं हायेत."

पलंगाला चाकं होती हे खरं. मी ब्रेक सोडायला वाकले आणि तेवढ्यात, आमच्या बोलण्यानं जाग्या झालेल्या चाचांचा दारातून आवाज आला, "हां हां, हात नका लावू! आधी मसला समजून घेऊ."

चाचा म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांचे धाकटे भाऊ. तेल्हाऱ्याला त्यांचा सरकीचा धंदा होता. आता मुलं बघतात आणि चाचा धर्म बघतात. भाभीची तब्येत बघायला म्हणून बस धरून आले आणि पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मुक्काम ठोकला. ते स्वतः फजरला उठत नाहीत. साखरेच्या गोळ्यांनी पहाटे डोळा उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं. रात्री लग्नाच्या पंगतीत त्याच गोळ्यांवर गुलाबजाम चालतात. पण मसला, म्हणजे धर्माचा नियम, माहीत असणं आणि नमाज पढणं ही चाचांच्या मते दोन वेगवेगळी खाती आहेत. पहिलं ते सांभाळतात, दुसरं बायकांकडे आहे.

मसला असा होता. पलंग उलटा फिरवला तर अम्मीचं तोंड काब्याकडे होतं, पण पायही काब्याकडे होतात. "तौबा!" चाचा म्हणाले. "साऱ्या खानदानात कोनी काब्याकडे पाय केले नाई. भाभीले या वयात हे काम लावता?" मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. डोकं उत्तरेला करायचं आणि तिला उजव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे चेहरा पश्चिमेला.

"उजव्या कुशीवर वळायचं नाही. हाड त्याच बाजूचं आहे," मी म्हटलं.

"थोडंसं."

"थोडंसंही नाही, चाचा."

"डॉक्टर तर काहीही सांगते बेटा. तू पलंग तर फिरव, मंग बघू."

भावानं पलंग फिरवला. तो असाच आहे, ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला, आणि अम्मी पाठीवरच, छताकडे तोंड करून. दुपारी गल्लीच्या टोकाची एक बाई डबा घेऊन आली. आमच्यात माणूस शेवटच्या घटकेला असला की त्याला असंच निजवतात, कबरीतही असंच. बाईनं उंबऱ्यातून पलंग पाहिला, डबा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावून गळाच काढला. तिच्या मागून येणाऱ्या दोघींनी काही न विचारता सूर मिळवला.

अम्मीनं उशीवरून मान वळवली. "अजून हाय मी," ती म्हणाली. "डब्यात काय आनलं?"

त्या संध्याकाळी पलंग परत होता तिथे गेला. दुसऱ्या पहाटेही अम्मी फजर पढली नाही.

त्यानंतर रोज तेच. असरच्या नमाजेनंतर, म्हणजे ऐन चहाच्या वेळेला, चाचा, भाऊ आणि गल्लीतले दोनतीन रिकामे विद्वान अम्मीच्याच खोलीत खुर्च्या टाकून बसत. एकाला आखातातल्या कुठल्या वक्त्याचा व्हिडिओ आठवे. दुसऱ्याला त्या वक्त्याचं खंडन करणारा व्हिडिओ आठवे. कपबशा माझी भावजय भरे. तिला मी घरच्या रिवाजाप्रमाणे दुल्हन म्हणते, लग्नाला इतकी वर्षं होऊनही. अम्मीशी कोणी बोलत नसे. तिच्या नमाजेची चर्चा तिच्या अंगावरून, या खुर्चीतून त्या खुर्चीत चाललेली असे. मी गोळ्या द्यायला आत गेले की ते सरकून वाट देत आणि पुढे बोलत.

अम्मी मात्र कमी कमी होत चालली होती. दुपारचं जेवण अर्धं टाकायची, मग पाऊण. व्यायाम करवायला येणाऱ्या मुलीला म्हणायची, आज राहू दे. आमच्या शेजारी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टरबाई राहतात. बौद्ध घर, आणि आमच्या घराशी भिंतीला भिंत. त्या रोज ड्रेसिंग बघायला येत. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"जखम चांगली हाय. बाईच चांगली नाई. काय होऊन राहिलं इथं?"

मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे एक पलंग फिरवाचा हाय, अन् त्याच्यासाठी एवढी पार्लमेंट बसली?"

"हो."

"आमच्यातबी असेच हायेत," त्या म्हणाल्या. "फक्त खुर्च्या वेगळ्या."

त्या दिवशी दुपारी अम्मी मला म्हणाली, "बेटा, बाकीच्याबी चुकून राहिल्या, पन फजर गेली का दिवसाले दारच राहत नाई. आत जाता येत नाई, बाहेर येता येत नाई." एवढंच. ती तक्रार करणारी बाई नाही. मी चप्पल घातली आणि मशिदीत नमाज पढवणाऱ्या पेशइमामांचं, म्हणजे मौलानांचं, घर गाठलं.

हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. पण आमच्यात मौलानांना विचारायला पुरुष जातात, आणि भाऊ म्हणाला होता की तो विचारेल. मशिदीमागच्या दोन खोल्यांत मौलाना राहतात. त्यांच्या बीवीनं मला आत बसवलं, मौलाना दाराशी उभे राहून बोलले. तिकडचे, उत्तरेतले आहेत, साफ उर्दू बोलतात.

"पाँव क़िबले की तरफ़ कर दीजिए, सर के नीचे ऊँचा तकिया रखिए ताकि चेहरा आसमान को नहीं, क़िबले को हो. घुटने मोड़ सकें तो खड़े करवा दीजिए, पाँव फैले न रहें. सर के इशारे से रुकू, उससे ज़रा ज़्यादा झुकाकर सजदा. बस."

"पाय करायला हरकत नाही? बेअदबी नाही?" घाईत मी मराठीतच विचारलं. त्यांना समजलं.

"बीमार की नमाज़ है, बहन. बेअदबी कैसी?" मग म्हणाले, "ये तो मैंने आपके भाई को पिछले जुमे को ही बता दिया था."

तिथून मी थेट भावाच्या दुकानात गेले. गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे त्याचं. तो एका स्कूटरच्या सीटवर रेक्झिन ताणत होता.

"मौलानानं तुले जुम्म्याले सांगतलं होतं?"

त्याचा हात थांबला. "हो."

"मंग बोलला काहून नाई?"

"चाचा बोलून राहिले होते ना, आपा. मोठ्या मानसाच्या मधात कसं बोलाचं?"

"अन् अम्मीची फजर?"

"अल्लाले तिची मजबुरी माहीत हाय."

"अल्लाले माहीत हाय रे बावा. चाचाले सांगाचं होतं."

स्कूटरवालं गिऱ्हाईक हसलं. भाऊ पुन्हा रेक्झिन ताणायला लागला. मला त्याचा राग आला असं म्हणणं कमी होईल. चाचा निदान आपल्या अडाणीपणाशी इमानदार होते. ह्याला उत्तर माहीत होतं. ते खिशात ठेवून तो रोज चहाला बसत होता, मान डोलावत होता आणि पहाटे आईची नमाज जात असताना शेजारच्या खोलीत घोरत होता. कशासाठी, तर अदब. आमच्या घरात अदब हा पुरुषांनी एकमेकांना द्यायचा आहेर आहे. त्याचा खर्च बायकांच्या नावावर पडतो.

असरला चाचा मशिदीत गेले. ती नमाज ते चुकवत नाहीत, त्या वेळी रस्त्यावर वर्दळ असते. मी सिस्टरबाईंना हाक मारली, दुल्हननं चहाचं आधण उतरवून ठेवलं आणि आम्ही तिघींनी ब्रेक सोडले. एक चाक अडकलं होतं. दुल्हन घाबरून म्हणाली, "आपा, हलत नाई."

"पलंगच हाय बाई, हत्ती नाई," सिस्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी चाकाला टाचेनं एक ठोका दिला. पलंग फिरला. पंपासाठी त्यांनी घरून लांब वायरचा बोर्ड आणला. ज्या प्लगपायी हे सगळं सुरू झालं त्याचा निकाल एका वायरनं लागला. डोक्याखाली उशा रचल्या, गुडघ्यांखाली लोड सरकवला, तळवे गादीवर टेकवले. अम्मीचा चेहरा पश्चिमेला झाला.

चाचा परत आले, दारात थबकले, "तौबा तौबा" म्हणाले. मी मौलानांचा निरोप सांगितला. त्यावर ते म्हणाले की मौलाना तिकडचे आहेत, त्यांना इकडची अदब काय माहीत. मी त्यांना चहा दिला नाही. त्यांना ते फार लागलं.

पण माझी खरी फजिती पुढे होती. रात्रीचं जेवण भरवताना अम्मी म्हणाली, "चेहरा बरोबर हाय. पाय काढ तिकडून."

"मौलाना म्हणाले चालतं."

"मौलाना खरं सांगते. पन मले जमत नाई बेटा. साऱ्या जिंदगीत केले नाई. तुमाले मारलं त्यापायी."

"गुडघे मोडले आहेत ना, पाय पसरलेले नाहीत."

"बोटं तिकडेच हायेत."

चाचांना हरवता येतं. तिनं स्वतःच घालून घेतलेली शिस्त मोडायचा हक्क मला नव्हता, आणि ती शिस्त मोडत नाही तोवर तिची फजर होत नव्हती. मी चादर तिच्या पायांवर ओढली आणि तिच्या खोलीतच आडवी झाले. ती जागी होती हे मला श्वासावरून कळत होतं.

पहाटे शेजारच्या खोलीत भावाचा फोन अजान द्यायला लागला. नमाज झोपेपेक्षा बरी, नमाज झोपेपेक्षा, आणि गप्प. अम्मी म्हणाली, "त्याले उठव."

मला वाटलं दुखतंय. मी धावत गेले, त्याचं पांघरूण ओढलं. तो लुंगी सावरत, अर्ध्या झोपेत आला. "काय झालं? दवाखान्यात न्याचं का?"

"वुजू करून ये," अम्मी म्हणाली.

"काय?"

"वुजू. नळ हाय तिथंच हाय. सांभाळून जा, शेवाळ हाय."

तो आला तेव्हा मी तिचा वुजू करून दिला होता. तिनं बोटानं पलंगाच्या पायथ्याची जागा दाखवली. "इथं जानमाज टाक. माह्या पायाच्या अन् भिंतीच्या मधात. तू पढव, मी तुह्या मांगं पढतो. मंग माह्ये पाय तुह्याकडे होतात, काब्याकडे नाई."

भावाला एक सुटका सुचली. "पन अम्मी, मले फर्ज तर मशिदीत पढा लागते ना, जमातीत, चार लोकायसंगं."

स्वयंपाकघरातून दुल्हनचा आवाज आला, "कव्हा?"

तो अंथरायला लागला. सुन्नत दोघांनी आपापली पढली. तिची संपली तेव्हा त्याची कधीच झाली होती. मग तो फर्जला उभा राहिला. फजरच्या फर्जात कुराण मोठ्यानं पढायचं असतं. त्याचा आवाज आधी बसलेला निघाला, मग साफ झाला. त्यानं कुराणातली सगळ्यांत छोटी सूरह, म्हणजे अध्याय, धरली आणि दुसऱ्या रकातीतही तीच घेतली. त्याच्याकडे दुसरी नव्हती, हे त्याच्या पाठीवरूनही दिसत होतं. अम्मीनं छातीवर हात बांधले होते. तो वाकला की ती मान जराशी झुकवायची. त्यानं कपाळ टेकलं की हनुवटी छातीला लागेपर्यंत. बाकी काही हलत नव्हतं. लोडावरचे तिचे गुडघे, चादरीखालची बोटं, आणि बोटांपुढे त्याची पाठ.

सलाम फिरवून झाल्यावर तिनं विचारलं, "कोनती गाडी सुटून राहिली होती?"

"काहून?"

"उद्या सावकाश पढ."

त्याच्या चेहऱ्यावर "उद्या" हा शब्द कसा उमटला ते मी मन लावून पाहिलं. अम्मीनं चहा मागितला, त्यात टोस्ट बुडवून खाल्ले आणि आणखी मागितले. मी चहाची कपबशी परत न्यायला पुढच्या खोलीतून गेले. चाचा दिवाणावर गाढ झोपलेले होते. दिवाणाच्या काठाबाहेर आलेले त्यांचे दोन्ही पाय सरळ पश्चिमेकडे होते. मी दुल्हनला बोलावून दाखवले. आम्ही त्यांना हलवलं नाही. मसला त्यांना चांगला माहीत होता.

चाचा दोन दिवसांनी तेल्हाऱ्याला गेले. तिथे ते आता सांगतात की भाभीचा पलंग त्यांनी फिरवून घेतला, घरात कोणाला अक्कल नव्हती. ऐकणारे मान डोलावतात. मी खोडून काढत नाही. तेवढी रजा माझ्याकडे शिल्लक नाही.

मी अमरावतीला परत आले. उन्हाळा लागता लागता अम्मी वॉकर धरून चालायला लागली आणि पलंग परत गेला. आता ती खुर्चीवर बसून पढते. पाय जमिनीवर असतात, कोणाकडे रोखलेले नसतात. खुर्चीच्या पहिल्या दिवशी भावानं हळूच विचारलं म्हणे, "आता माहं काम संपलं ना?" अम्मी म्हणाली, "खुर्चीवर बसल्यानं मले इमाम नको झाला का?" म्हणून अजून रोज पहाटे फोन अजान देतो, भाऊ तो गप्प करतो, आणि मग वॉकर त्याच्या दारावर ठोठावतो. दुकानात दुपारी डुलक्या येतात अशी त्याची तक्रार असते. ती ऐकून घ्यायला माझ्याकडे वेळ नसतो.

परवा दुल्हननं फोनवर सांगितलं की त्यानं आता तिसरी सूरह पाठ केली आहे. हौसेनं नव्हे. अम्मीनंच त्याला बजावलं होतं, "रोज तेच ते नको पढू. मले झोप येते."